पावसाला 'लहरी' म्हणणं थांबवा

येळ्ळूरचा शेतकरी: मृग कोरडा गेला की बातमीत ठरलेलं वाक्य येतं, 'लहरी पावसाने बळीराजा हवालदिल'. मला हा शब्दच पटत नाही. लहरी म्हणजे ज्याच्या वागण्याला कारण लागत नाही असा माणूस. पावसाला कारण असतं. आमच्या बेळगाव जिल्ह्यात घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला धो धो कोसळणारा पाऊस घाटापासून लांबच्या अथणीला पोचेपर्यंत आटतो, कारण सह्याद्री ओलांडतानाच ढग बरंचसं पाणी टाकून जातात. ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा. घाटात अतिवृष्टी, कोयना धरणातून विसर्ग, आणि कृष्णा चिकोडी, रायबाग, अथणीच्या गावांत शिरली. यात लहर कुठली? आमच्याकडं बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात चढतं तेव्हाही हाच शब्द. नाला गाळानं भरलाय हे कुणी लिहीत नाही. 'लहरी' म्हटलं की पुढं विचारायचंच राहून जातं.

खानापूरवाला: कारणं हवामान खात्याला कळतात हो. पावसाआधीच कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करून आभाळाकडं बघत बसलेल्याला काय कळणार? रोहिणीत भात टाकलं, वळवावर उगवून आलं, आणि मृगानं पाठ फिरवली. कोंब करपले. दुबार पेरणीचं बियाणं आणायचं कुठून? त्याला पाऊस लहरी वाटला तर चुकलं काय?

येळ्ळूरचा शेतकरी: वाटू दे की. पण तो हा शब्द बोलतो का? आमच्या गल्लीत तरी मी ऐकला नाही. 'दडी मारली', 'उघडीप दिली', 'नक्षत्र कोरडं गेलं', 'झोडपून काढलं' असंच बोलतात. नेमकं काय झालं ते कळतं. 'लहरी'त दडी आणि झोडपणं दोन्ही एकच होऊन जातं.

वडगावच्या बाई: दडी तरी कोण मारतं? माणूसच ना? पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हे आपलेच शब्द. माणसाचे शब्द पावसाला लावायचे नाहीत म्हटलं तर शेतातलं बोलणंच बंद पडेल. 'लहरी' राहू दे. नाल्याचं मात्र पटलं, तिथं तो शब्द नको.

खानापूरवाला: मग 'बेभरवशाचा' म्हणा. भरवसा आपण ठेवलेला असतो, तेवढंच त्यात येतं. पावसावर आरोप नाही.

येळ्ळूरचा शेतकरी: पेरणीच्या बातमीत चालेल. पुराच्या बातमीत तोही नको. तिथं धरणातून किती क्युसेक सोडलं, किती वाजता सोडलं आणि नदीकाठच्या गावांना कधी कळवलं, ते लिहा.