आजोबांचा सिंह आणि आजची मतं

गोव्यातल्या फोंड्याहून विचारतो. आजोबा 1963 पासून मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) सिंह या चिन्हालाच मत द्यायचे. आता घरात चार मतं, चार दिशा. हे बदललं कसं? विधानसभेचे निकाल कुठून वाचू?

— 2017 पासून वाच, बाबा. मतं भाजपला जास्त, पण जागा 13, काँग्रेसला 17. सरकार मात्र भाजपचं! मतं, जागा, सत्ता असे तीन वेगळे रकाने आख.

— 2022 सुद्धा घे. भाजप 33 टक्क्यांवर 20 जागा. उरलेली मतं काँग्रेस, आप, तृणमूल, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स), मगो यांच्यात विखुरली. आमचे मतदारसंघ लहान, शेपाचशे मतांनी निकाल फिरतो.

— (फोंडा) चौथा रकाना पक्षांतराचा. सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसचे 11 पैकी 8 आमदार भाजपत गेले. ते मला अजून सलतं.