हातातली गाठ नसेची निघाली. काढून घ्यावी का?

ब्लाउजवाली_नारायणपेठ
उजव्या हाताला कोपराखाली, करंगळीच्या बाजूला, बोराएवढी गाठ आहे. जुनीच आहे. डॉक्टर म्हणाले होते चरबीची आहे, राहू द्या. हल्ली मशीनच्या कडेवर हात टेकला की करंगळीपर्यंत करंट जातो. एमआरआय केला. रिपोर्टात अल्नर नर्व्हचा, म्हणजे करंगळीकडे जाणाऱ्या नसेचा, श्वानोमा लिहिलाय. सर्जन म्हणतात कॅन्सर वाटत नाही, पण काढू. मला धास्ती बोटांची आहे. हुक-काज मी हातानंच करते, आणि दिवाळीचे ब्लाउज घेऊन बसलेय. कुणी काढून घेतलीय का?

धायरीकर
ताई, कोमट तिळाच्या तेलानं रोज चोळा. जिरते.

फिजिओ_कोथरूड
धायरीकर, अहो नका हो असलं सांगू! ही गाठ जिरत नाही, चोळून नस मात्र चिडते.
ताई, श्वानोमा नसेभोवतीच्या श्वान पेशींचा होतो. त्याला बहुधा स्वतःचं आवरण असतं आणि नसेचे बहुतेक धागे कडेला सरकलेले असतात. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली धागे राखून गाठ सोडवता येते. न्यूरोफायब्रोमा ही नसेची दुसरी गाठ, तिच्यात धागे गाठीतूनच जातात, ते काम अवघड. एमआरआयवर दोन्हींतला फरक दर वेळी कळत नाही, पक्कं पॅथॉलॉजीत ठरतं. सर्जनना विचारा, मायक्रोस्कोप आणि नर्व्ह स्टिम्युलेटर (हलका करंट देऊन काम करणारे धागे ओळखायचं यंत्र) वापरणार ना? अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग किंवा घरात कुणाला अशा गाठी असतील तर तेही सांगा.
घरी एक बघा: अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरा, दुसऱ्याला ओढू द्या. धरून ठेवताना अंगठ्याचं वरचं पेर वाकलं तर अल्नर कमजोर पडतेय. तसं असेल, किंवा गाठ झपाट्यानं वाढली, तर दिवाळी बघत बसू नका.

रिक्षावाला_पौडफाटा
माझी डाव्या मनगटाच्या वर होती. आधी सुई घालून तुकडा काढला तेव्हा जीव गेला, तुम्हाला सुई सांगितली तर गरज आहे का ते विचारा. ऑपरेशननंतर अंगठा काही आठवडे बधिर होता, मग आला. आता क्लच मीच दाबतो.

ब्लाउजवाली_नारायणपेठ
डाग नाहीत. कटिंगचा कागद धरला, लेकीनं ओढला. फाटला पण सुटला नाही, पेरही सरळ राहिलं. भाऊबीजेनंतरची तारीख मागते, तोवर मशीनच्या कडेला उशी बांधलीय. दादा, टाके काढल्यावर किती दिवसांनी रिक्षा काढलीत?