१७९ ची नोटीस आलीय, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं का?

कोयनाकाठ: पतसंस्थेत तारण सोन्याचा घोळ निघालाय, गुन्हा अज्ञात आरोपींविरुद्ध दाखल आहे. तिथल्या रोखपाल बाईंना बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९ ची नोटीस आली, साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलंय. पण पावत्यांवर सह्या त्यांच्याच. गप्प राहता येतं का? जबाबावर सही करायची का?

कलमबहाद्दर: आधी एक गोष्ट: १७९ च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या अपवादाप्रमाणे) बाईंना राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. स्वतःहून गेल्या तर गोष्ट वेगळी. नोटिशीला लेखी उत्तर द्या, 'जबाब घरी नोंदवावा', आणि पोच घ्या. नोटीस दुर्लक्षून बसू नका, तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो.

गप्प राहण्याचं म्हणाल तर राज्यघटनेचं कलम २०(३), म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको, हे आरोपीपुरतं बोलतं, पण बीएनएसएस १८०(२) साक्षीदारालाही धरतं: खरी उत्तरं देणं बंधनकारक, मात्र ज्याने स्वतःवर फौजदारी आरोप, दंड किंवा जप्ती ओढवेल ते उत्तर सोडून. सर्वोच्च न्यायालयाचा नंदिनी सत्पथी निकाल (१९७८) याच मुद्द्यावरचा, आणि त्यातही महिलेला ठाण्यात बोलावल्याबद्दल न्यायालयाने सुनावलं होतं.

हक्क प्रश्नागणिक वापरायचा असतो. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे, मूल्यांकन कोण करतं, हे सांगा. 'या पावतीचं सोनं कुठं गेलं?' यावर अडचण असेल तर 'या उत्तराने माझ्यावर आरोप येऊ शकतो, म्हणून देत नाही' असं म्हणा आणि तेच वाक्य जबाबात घ्यायला लावा. 'काहीच बोलणार नाही' असा सरसकट पवित्रा साक्षीदाराला झेपत नाही. आणि थाप तर मारूच नका. संरक्षण मौनाला आहे, खोट्याला नाही.

जबाबावर सही नको, १८१ मध्येच तसं आहे. सही झालीच तर साक्ष आपोआप बाद होत नाही, पण कोऱ्या कागदावरची सही मात्र कुठेही चिकटू शकते.

पंच_नंबर_२: नमुना सह्यांना हा हक्क लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या काथी कालू ओघड निकालापासून (१९६१) हस्ताक्षर, बोटांचे ठसे 'स्वतःविरुद्ध साक्ष' धरत नाहीत. बीएनएसएस ३४९ खाली प्रथमवर्ग दंडाधिकारी अटक न झालेल्या व्यक्तीलाही कारणं नोंदवून नमुना द्यायला सांगू शकतात. तेव्हा ठाण्यात मागितला तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागा.

कोयनाकाठ: अध्यक्षांनी महिन्यापूर्वीच बाईंकडून 'चूक झाली, रक्कम भरते' असं लिहून घेतलंय.

कलमबहाद्दर: मग खरा धोका तिथे आहे, चौकशीत नाही. पोलिसांसमोरची कबुली नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने पुराव्यात येत नाही (फक्त तिच्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग येतो). पण अध्यक्षांना दिलेलं पत्र पोलीस कोठडीबाहेरचं आहे. २३ ची ढाल त्याला नाही, पोलीस ते जप्त करून दोषारोपपत्राला जोडतील.

वाट एकच, त्याच अधिनियमाचं कलम २२: 'लिहून द्या, तक्रार करत नाही' असं आमिष किंवा धमकी असेल तर कबुली बाद होऊ शकते. पण आमिष दाखवणारा 'अधिकारातली व्यक्ती' असावा लागतो, आणि पतसंस्थेचा अध्यक्ष तसा ठरतो का यावर वाद होणार. त्या दिवसांचे मेसेज, कॉलची नोंद, पत्राची प्रत आजच बाजूला काढा. आणि पत्र कसं लिहून घेतलं हे वकिलाला जबाबाआधी सांगा, नंतर नव्हे.