प्रतिसाद: साप समुद्रातून आले?
वर कोणीतरी लिहिलंय की पाय असलेले जुने साप समुद्री खडकात सापडले म्हणजे साप समुद्रातच तयार झाले. हे पॅकिरॅकिस या समुद्रातल्या, पाय असलेल्या जीवाश्म सापावरून आलेलं जुनं मत, पण २००६ मध्ये अर्जेंटिनातला नजाश हा जीवाश्म साप आला आणि चित्र पालटलं. तो जमिनीवरचा, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे मागचे पाय चक्क कमरेच्या हाडांमार्फत मणक्याला जोडलेले. पॅकिरॅकिसचे पाय नुसते लोंबकळणारे, म्हणजे तो फारतर नंतर पाण्यात गेलेला असावा. २०१९ मध्ये नजाशच्या चांगल्या कवट्याही मिळाल्या, त्यात गालाचं हाड शाबूत आहे जे आजच्या सापांत जवळजवळ नाहीसं झालंय.

आता मॅडसॉइड या नामशेष सापांच्या गटाबद्दल, ज्याचा विषयच निघाला नाही! गुजरातमधला सनाजेह बघा, साडेतीन मीटरचा साप डायनोसॉरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, आणि शेजारीच अर्ध्या मीटरचं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं डायनोसॉरचं पिल्लू, सगळं एकाच दगडात. याचा जबडा अजगरासारखा उघडत नसणार, त्यामुळे अख्खं अंडं गिळणं कठीण, पिल्लू बाहेर यायची वाट बघत असावा. जीवाश्म ऐंशीच्या दशकात सापडला, पण त्यात साप आहे हे २००१ मध्ये लक्षात आलं, कमाल आहे की नाही. याच गटातला कच्छचा वासुकी, ११ ते १५ मीटर म्हणतात, पण हाती फक्त २७ मणके आहेत, त्यामुळे लांबीचा आकडा मी जरा जपूनच घेईन.