ज्यांच्यासाठी आलो ते वाजवून गेले, आता हेडलायनरसाठी थांबायचं का?

फज_पेडल
तिकीट काढलं ओपनिंग बँडसाठी. पोस्टरवर त्यांचं नाव तळाला, बारीक अक्षरांत. त्यांनी पाऊण तास जीव तोडून वाजवलं आणि उतरले. आता अर्धा तास स्टेजवर केबली ओढणं चालणार, मग मोठ्या अक्षरांतला मुख्य बँड, म्हणजे हेडलायनर, येणार, ज्यांचं मला कसंबसं एक गाणं आवडतं. माझं मत: सरळ निघावं. यावरून आमच्या ग्रुपमध्ये दरवेळी वाजतं, म्हणून हा धागा.

'पैसे भरलेत ना' हा मुद्दा कृपया नको. थांबलो तरी ते परत मिळत नाहीत.

आणि पोस्टरवरचा क्रम हा काही दर्जाचा क्रम नसतो. १९६७ च्या जुलैत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स 'द मंकीज' या पॉप बँडचा ओपनर होता! तो वाजवत असताना पोरंपोरी मंकीजच्या नावाने ओरडायची. मोजक्या शोनंतर त्याने दौरा सोडला. त्या गर्दीतला एखादा हेंड्रिक्स ऐकून तडक घरी गेला असेल, तर त्याचं काय चुकलं?

उशिराचा_बेस
असहमत. हेंड्रिक्सच घ्यायचा तर वुडस्टॉक महोत्सव घ्या, अमेरिका, १९६९. तो सगळ्यात शेवटी होता, रविवारी रात्री वाजवायचा होता. पाऊस आणि रखडपट्टीमुळे स्टेजवर आला सोमवारी, १८ ऑगस्टला सकाळी. चार लाखांच्या आसपास जमलेली गर्दी तोवर बरीचशी पांगली होती. जे चिखलात टिकून राहिले त्यांनी गिटारवर ते अमेरिकेचं राष्ट्रगीत ऐकलं. वुडस्टॉक म्हटलं की आज लोक आधी त्याचंच नाव घेतात. तुम्ही रविवारीच निघाला असतात.

फज_पेडल
निघालोच असतो, सोमवारी कामावर जायचं असतं हो लोकांना. थांबल्याचं चीज झालं ते किस्से तेवढे उरतात. माँट्रियल, ८ ऑगस्ट १९९२ आठवा. मेटॅलिकाच्या सेटमध्ये आतषबाजीत त्यांचा गायक जेम्स हेटफील्ड भाजला, सेट अर्धवट राहिला. मग पुढच्या बँडसाठी, गन्स एन' रोझेससाठी, लोक ताटकळत राहिले. ते उशिरा आले, थोडं वाजवून निघून गेले आणि दंगल झाली. थांबणाऱ्यांच्या पदरात काय पडलं?

कन्सोलमागचा
दोघेही इतिहासात रमलात. मी मिक्सिंग कन्सोलमागे उभा राहणारा माणूस, तिथलं सांगतो.

साउंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची चाचणी, सहसा उलट्या क्रमाने होतं. दुपारी आधी हेडलायनर, हवा तेवढा वेळ घेऊन. ओपनरला उरलेला वेळ, कधी कधी जेमतेम लाइन चेक (प्रत्येक माइक-वाद्याचा आवाज येतोय ना, एवढंच बघणं). हेडलायनरचे ड्रम मागे झाकून ठेवलेले असतात, ओपनर त्यांच्या पुढ्यात दाटीवाटीने उभा. दिवे मोजके. आवाजाची पातळीही बऱ्याचदा मुद्दाम खाली ठेवलेली असते. थोडक्यात, तुम्ही ओपनर ऐकलात, पण त्या हॉलची सिस्टिम काय करू शकते ते अजून ऐकलेलंच नाही.

हेडलायनरच्याही पहिल्या गाण्यावरून मत बनवू नका. रिकाम्या हॉलमध्ये बसवलेला मिक्स, म्हणजे आवाजांचा समतोल, माणसं भरल्यावर बदलतो, अंगं आणि कपडे तीव्र स्वर शोषून घेतात. इंजिनिअर पहिली एकदोन गाणी ते सावरण्यात घालवतो. तिसऱ्या गाण्याला खरं काय ते कळतं. (गंमत म्हणजे फोटोग्राफरांना बहुतेक ठिकाणी पहिल्या तीन गाण्यांपुरतंच पुढे सोडतात, मग हाकलतात.) तेव्हा तीन गाणी थांबा, मग खुशाल जा.

मंद्र
आणि कानांचं काय? अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षा संस्थेचा कामाच्या जागेच्या आवाजासाठीचा निकष असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! ओपनरच्या पाऊण तासातच तो कोटा संपून वर उधारी झालेली असते. उधारी करायचीच तर आवडत्या बँडपायी करावी. फज_पेडल यांना +१.

कन्सोलमागचा
@मंद्र, इअरप्लग लावा आणि स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नका. हे ओपनरलाही लागू आहे, त्यासाठी घरी जायची गरज नाही.

पहिली_रांग
मी हेडलायनरवाली. माझी तक्रार जाणाऱ्यांबद्दल नाहीच, न जाणाऱ्यांबद्दल आहे. ओपनरचे चाहते बॅरिकेडला चिकटून असतात, त्यांचा बँड संपला की तिथेच उभे राहून मोबाइल चाळतात. आमच्या बँडच्या गायकाला समोर काय दिसतं? जांभया. त्यापेक्षा चेंजओव्हरमध्ये, दोन बँडांच्या मधल्या वेळात, निघा, जागा मोकळी करा. गाण्याच्या मध्यात कोपरं मारत बाहेर पडू नका, एवढंच. आणि निघालातच तर मर्च टेबलवरून जा. छोट्या बँडचे लोक सेट झाल्यावर बऱ्याचदा स्वतःच तिथे टीशर्ट विकत उभे असतात. पहिल्या गाण्यापासून ऐकलं असं सांगणारं कुणी भेटलं की त्यांनाही बरं वाटतं.

फज_पेडल
@पहिली_रांग, आतापर्यंतचा सगळ्यात पटलेला प्रतिसाद, तोही विरोधी गोटातून.

उशिराचा_बेस
अजून एक. व्हिला पार्क, बर्मिंगहॅम, ५ जुलै २०२५. दिवसभर मोठमोठे बँड, मेटॅलिकासुद्धा आधीच वाजवून गेलेले. शेवटी ब्लॅक सॅबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला, सॅबाथची चार गाणी झाली. २२ जुलैला तो गेला. मेटॅलिकापुरता आलेला कुणी 'झालं माझं' म्हणत गेटाबाहेर पडला असता तर?

फज_पेडल
तो निरोपाचा शो आहे हे आधीच जाहीर होतं. तिथून मीही हललो नसतो. पण दर शनिवारी कुणाचा निरोप नसतो, आणि 'न जाणो, उद्या हे राहिले नाहीत तर' या हिशोबाने प्रत्येक बँड शेवटपर्यंत ऐकायचा म्हटलं तर जन्म पुरायचा नाही.

उशिराचा_बेस
मग या शनिवारी काय करताय?

फज_पेडल
कन्सोलमागचा म्हणतात तसं, तीन गाणी. मागे, दाराजवळ. मला आवडणारं ते एक गाणं या दौऱ्यात एन्कोरला, म्हणजे अगदी शेवटी, वाजवतायत असं सेटलिस्टवरून दिसतंय, त्यामुळे ते काही मला मिळणार नाही.

उशिराचा_बेस
म्हणजे एन्कोरपर्यंत थांबणार तर.

फज_पेडल
तीन म्हणजे तीन.