शब्दचर्चा : ‘हाय-रिझोल्यूशन टायमर’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
नागपुरात धरमपेठेत आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ऑडिओ ड्रायव्हरच्या (साऊंड कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगची माहिती मराठीत लिहितो आहे. एका अनुवादात ‘हाय-रिझोल्यूशन टायमर’ला ‘उच्च अचूकता कालमापक’ म्हटलंय, आणि लेटन्सी (आवाज उशिरा येणं) व जिटर (तो उशीर कमीजास्त होत राहणं) दोन्हींना ‘विलंब’. आमची पोरं तर सरळ सांगतात, “दादा, आवाज उशिरा येऊन राह्यला!” कोणते शब्द घ्यावे?

उत्तर
दादा, ‘उच्च अचूकता’ मुळीच घेऊ नका. फूटपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असल्या म्हणून ती खरं माप दाखवेलच असं नाही. रिझोल्यूशन म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, अचूकता म्हणजे पट्टी खरी असणं. मी ‘बारीक मापाचा टायमर’ म्हणेन.

हे माप किती बारीक लागतं ते बघा. विंडोजचा नेहमीचा टायमर 15.6 मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 64 वेळा जागा होतो. प्रोग्रॅमने मागणी केली तर 1 मिलिसेकंदापर्यंत खाली येतो. आता 48,000 हर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले, तर 256 नमुन्यांचा बफर (नमुने थोडा वेळ साठवायची जागा) 5.33 मिलिसेकंदांत रिकामा होतो. साऊंड कार्ड स्वतः इंटरप्ट (‘आता इकडे बघ’ असा इशारा) देऊन ड्रायव्हरला उठवतं तोवर ठीक. पण बफर भरायची किंवा मिडीचा (वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यात स्वरांचे संदेश पाठवायच्या पद्धतीचा) स्वर सोडायची वेळ टायमरवर ठरत असेल, तर 15.6 च्या एका फेरीत तो बफर जवळजवळ तीनदा संपतो.

अचूकतेचा प्रश्न वेगळाच आहे. कॉम्प्युटरचं घड्याळ एका स्फटिकावर चालतं, साऊंड कार्डाचं दुसऱ्या. दोघांत दशलक्षात 50 इतका जरी फरक असला, तरी तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये 0.18 सेकंदाची तफावत पडते. सोबतचं चित्रीकरण कॉम्प्युटरच्या घड्याळावर चाललेलं असेल, तर गायिकेचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत हे तेव्हा उघड दिसतं. टायमर नॅनोसेकंदात मोजणारा असला तरी हा फरक मिटत नाही. म्हणून ‘अचूकता’ हा शब्द इथल्यासाठी राखून ठेवावा.

दुसरं मत
‘बारीक ठोक्याचा टायमर’ का नको? बोलायला सोपं आहे.

उत्तर
ताई, गोड आहे, पण ठोका म्हटलं की सतत ठक-ठक चाललेली डोळ्यांपुढे येते. लिनक्समध्ये 2006 साली, 2.6.16 या कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) एचआरटायमर, म्हणजे हाच हाय-रिझोल्यूशन टायमर, आला. 2007 च्या 2.6.21 पासून, हार्डवेअर साथ देत असेल तर, टायमरला हव्या त्या क्षणासाठी थेट लावता येऊ लागलं. नेमून दिलेल्या क्षणी एकदाच उठायचं, मधल्या ठोक्यांची वाट बघायची नाही. ‘ठोका’ जुन्या पद्धतीच्या टायमरला शोभतो, तिथे जरूर वापरा.

आणखी एक सूचना
पंचांगातला ‘विपळ’ घेता येईल का? कालमापनाचा आपलाच शब्द.

उत्तर
विपळ म्हणजे 0.4 सेकंद, 400 मिलिसेकंद. इथल्या कामासाठी फारच मोठा. आणि त्याला ठरलेलं माप आहे, ते मोडून नवा अर्थ चिकटवणं पंचांग वाचणाऱ्यांवर अन्याय होईल.

आता जिटर, कारण खरी गफलत तिथेच होते. लेटन्सीला ‘विलंब’ बरोबर आहे. विलंब कायम 10 मिलिसेकंदांचा असेल तर वाजवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. पण इलेक्ट्रॉनिक पॅडवर दुगुणीत ‘तिरकिट’ वाजवताना लय जलद असेल तर दोन बोलांत साधारण 62 मिलिसेकंदच असतात. तिथे एक बोल 4 मिलिसेकंद उशिरा आणि पुढचा 14 मिलिसेकंद उशिरा उमटला, तर सरासरी विलंब कमी असूनही लय डगमगते. तबलजी नेमकं हेच म्हणतात. म्हणून जिटरला ‘वेळेची डगमग’. ‘चलबिचल’ मनाची होते, तो शब्द इथे नको.

विचारणाऱ्याकडून
पटलं. आणि आवाज “फाटून राह्यला” म्हणतात ते?

उत्तर
तो शब्द पोरांचा आहे तसाच ठेवा, पण एकाच अर्थाने. पातळी जास्त होऊन आवाज खरखरीत, चिरका झाला तर ‘फाटला’. वेळेवर बफर न भरल्याने मध्येच पोकळी पडली, कट-कट आलं, तर ‘तुटला’. ‘फाटला’ म्हटलं की मुलाने माइकचा गेन (आवाजाची पातळी) उतरवावा, ‘तुटला’ म्हटलं की बफर 256 वरून 512 करावा. तसं केल्यावर बफरमागे विलंब 10.67 मिलिसेकंद होईल, हेही त्याच ओळीत लिहून टाका.