मधुमेही रुग्णांच्या संगणकीय नोंदींमधून मूत्रपिंडविकाराचा अंदाज बांधता येईल का?

प्रश्न

आमच्या धर्मादाय रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा आणि औषधालय यांच्या नोंदी काही वर्षांपासून संगणकावर आहेत. मधुमेहाच्या कोणत्या रुग्णांना पुढे मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडेल हे त्यांवरून आधी ओळखता येईल का, अशी विचारणा डॉक्टरांनी केली आहे. क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्तचाचणीचे) सर्व अहवाल एका तक्त्यात घेऊन त्यावर थेट अंदाज बांधणारे संगणकीय मॉडेल बसवावे, असा माझा विचार आहे. त्याआधी काय तपासावे, आणि हाती येणारे निष्कर्ष पुढे कसे सांभाळावेत?

उत्तर १

मॉडेलचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि 'रुग्ण' व 'विकार' म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे. केसपेपर हरवला की नव्या क्रमांकाने नोंदणी होते, त्यामुळे एकाच माणसाचे दोन-तीन रुग्ण झालेले असतात. नावाचे स्पेलिंगही दर वेळी निराळे असते. नाव आणि जन्मतारीख जुळवून हे क्रमांक एकत्र करू म्हटले, तर आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख इतक्यांची असते, की त्या तारखेचा आधार फारसा उरत नाही.

विकाराचे म्हणाल, तर एकदा वाढलेले क्रिएटिनिन म्हणजे जुनाट विकार नव्हे. गाळणदर, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली किमान तीन महिने राहिला पाहिजे किंवा लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनासारखी इजेची खूण तितकाच काळ दिसली पाहिजे. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झालेल्या रुग्णाचा आकडा आठवड्याभरात पूर्ववत होऊ शकतो. एककेही पाहावीत. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधील १.२ हा आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये सुमारे १०६ होतो, आणि प्रयोगशाळेने मध्येच यंत्र किंवा एकक बदलले असेल तर दोन्ही आकडे एकाच रकान्यात बसलेले सापडतात.

उत्तर २

वरील मुद्दे योग्यच आहेत, परंतु माझ्या मते खरी अडचण पुढची आहे. या नोंदी रुग्णाच्या शरीराइतक्याच, किंबहुना अधिक, रुग्णालयाच्या कामकाजाच्या असतात. बोस्टनमधील दोन रुग्णालयांच्या नोंदींवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७२ पैकी २३३ चाचण्यांबाबत असे दिसले, की निकाल काहीही असो, चाचणी सांगितली गेली या एवढ्याच गोष्टीचा रुग्ण वाचण्याच्या शक्यतेशी संबंध होता. अमेरिकेतील न्यूमोनियाच्या रुग्णांवर बेतलेल्या एका मॉडेलने तर दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी, असे शिकून घेतले होते. दम्याच्या रुग्णांना तातडीने अतिदक्षता विभागात नेले जात असल्याने ते वाचत होते, आणि ही गोष्ट मॉडेलला कळण्याचा मार्ग नव्हता. तुमच्याकडेही ज्यांचा संशय आला त्यांचेच क्रिएटिनिन वारंवार तपासले गेले असणार. जे एकदा येऊन पुन्हा फिरकले नाहीत, त्यांना 'निरोगी' धरू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. अर्ध्याहून अधिक रुग्णांची दुसरी तपासणीच नाही, असे आताच पाहिल्यावर दिसले. जतनाविषयी कोणी सांगेल का?

उत्तर ३

प्रत्येक व्याख्या लिहून ठेवावी: 'मधुमेही' कोणाला म्हटले, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतील ई-११ (टाइप-२ मधुमेह) या संकेतावरून की मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या चिठ्ठीवरून, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या डॉक्टरांच्या संमतीने. मेटफॉर्मिन पीसीओएस या स्त्रियांच्या संप्रेरकविकारासाठीही दिले जाते, तेव्हा केवळ औषधावरून निवड केल्यास तरुण स्त्रिया विनाकारण यादीत येतील. व्याख्या बदलली तर जुनी पुसू नये, नवी आवृत्ती काढावी. नाहीतर गेल्या वर्षीचा आकडा यंदा कोणालाच जुळवता येत नाही. चाचण्यांना लॉइंक या प्रयोगशाळा-चाचण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतील संकेत दिल्यास यंत्र बदलले तरी दुवा टिकतो.

विश्लेषणासाठी द्यायच्या प्रतीतून नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक काढावेत, तसेच तारखांवरून ओळख पटू नये म्हणून प्रत्येक रुग्णाच्या सर्व तारखा एकाच अंतराने सरकवाव्यात, म्हणजे दोन तपासण्यांमधील दिवस शाबूत राहतात. तुमच्या प्रश्नात नेमके तेच दिवस महत्त्वाचे आहेत. दुसरी तपासणी नसलेल्यांची यादी मात्र मूळ क्रमांकांसह बाह्यरुग्ण विभागाला आजच द्यावी. त्यांना बोलावून घेण्यासाठी मॉडेलची वाट पाहण्याचे कारण नाही.